न चुकलेली ओळ

दोन वर्षांपूर्वी श्रावणात, केरीच्या बाजूला एका देवळाच्या फळ्यावर एक छापील कागद लागला होता. त्यावर छप्पन्न नावं होती. पंचावन्न बरोबर होती. छप्पन्नावं चुकीचं होतं, आणि ते तिथे माझ्यामुळे आलं होतं. ही गोष्ट मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही. बायकोला नाही, क्लासच्या मालकांना नाही, आणि जिने ती चूक आपलीच समजून हसत हसत पदरात घेतली तिला तर नाहीच नाही.

मी राहतो सर्वणला, डिचोलीच्या जवळ. रोज स्कूटरने पेडण्याला जातो. तिथे बाजारात एका हार्डवेअरच्या दुकानाच्या माडीवर कॉम्प्युटर क्लास आहे, तिथे मी बरीच वर्षं प्रोग्रॅमिंग शिकवतो. मुळात मी बोलणारा माणूस नाही. घरी जेवायला बसलो की आमटीत मीठ कमी आहे हेसुद्धा सांगत नाही, उठून घेतो. वर्गात मात्र बोलतो, कारण तिथे काय बोलायचं ते लिहिलेलं असतं. माझ्या स्वतःच्या नोट्स आहेत. तरुणपणी एका परदेशी पुस्तकासोबत आलेल्या सीडीवरची उदाहरणं मी मराठीत उतरवून काढली होती, आणि त्यांच्या झेरॉक्सच्या झेरॉक्स काढत इतकी वर्षं चालली होती. पहिल्या दिवशी मी वर्गाला सांगायचो, "यात आहे तसं टाइप करा. चाललं नाही तर चूक तुमची." मुलं हसायची. मी हसायचो नाही, कारण ते मला खरंच वाटायचं.

त्यातला नववा धडा डेटाबेसचा. एक छोटी खिडकी करायची, तिच्यात नावाचा रकाना, खाली 'पुढे' आणि 'मागे' अशी दोन बटणं. बटण दाबलं की डेटाबेसच्या फाईलमधलं पुढचं नाव रकान्यात दिसायला हवं. जुन्या मशिनींवर हा धडा लोण्यासारखा चालायचा. टाळेबंदी उठल्यावर मालकांनी नव्या मशिनी घेतल्या, आणि तेव्हापासून हा धडा मी स्वतः एकदाही चालवून बघितला नव्हता. पहिल्या बॅचला 'हा घरी करा' म्हणून सोडून दिला. दुसऱ्या बॅचलाही. आत कुठेतरी मला शंका होती, हेही आता सांगून टाकतो.

तिसऱ्या बॅचला वहिनी आल्या. वयाने माझ्या बरोबरीच्या, चाळिशी उलटलेल्या. केरीच्या बाजूच्या एका घरातल्या सून. घरामागच्या दोन खोल्या समुद्रावर येणाऱ्या पाहुण्यांना देतात, त्यांच्या नोंदी ठेवता ठेवता त्यांना कॉम्प्युटरची गोडी लागली होती. वर्गातली कॉलेजची मुलंमुली त्यांना पहिल्याच दिवशी वहिनी म्हणू लागली, आणि मीही.

"तुम्हाला काय करायचंय शिकून?" मी विचारलं.

"आबांचं डोकं कॉम्प्युटरात घालायचंय," त्या म्हणाल्या.

आबा म्हणजे त्यांचे सासरे. गावात श्रावणात भजनी सप्ताह होतो. सात दिवस अखंड भजन, दिवसाच्या आठ पाळ्या, म्हणजे छप्पन्न पाळ्या, आणि प्रत्येक पाळी एकेका घराची. ज्याची पाळी त्याने तीन तास भजन थांबू द्यायचं नाही आणि गाणाऱ्यांना चहा-उसळ द्यायची. पंचावन्न घरांच्या पाळ्या पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या आहेत, आबांच्या वहीत लिहिलेल्या आहेत. छप्पन्नावी, शेवटची, मानाची. ती ज्याची, त्याच्या हातून काला वाटला जातो. ते घर मागेच दोन भावांत वाटलं गेलं, तेव्हा गावाने ठरवलं की ही पाळी एक वर्ष थोरल्याची, एक वर्ष धाकट्याची. आणि आणखी एक ठरवलं: ही पाळी वहीत लिहायची नाही. लिहिलं की ते कागदाचं भांडण होतं. ती आबांनी लक्षात ठेवायची आणि सप्ताहाच्या आदल्या दिवशी देवळात तोंडाने सांगायची. आबांनी सांगितलं की संपलं.

तसं कितीतरी वर्षं सुरळीत चाललं. मग महामारीत सप्ताह झाला नाही, आणि ते वर्ष मोजायचं की नाही यावर दोघा भावांची जुंपली. आबांनी निकाल दिला की न झालेलं वर्ष मोजायचं नाही. निकाल दोघांनी मानला, पण वहिनींच्या मनात भीती बसली. आबांची नव्वदी जवळ आली होती. उद्या हे सगळं कोण लक्षात ठेवणार?

"मी आबांना सगळी वर्षं विचारून घेतली," त्या म्हणाल्या. "कुठलं वर्ष कोणाचं, पुढे कसं जायचं. ते म्हणाले, लिवची नाय असो नियम आसा, कॉम्प्युटरात घालची नाय असो नियम नाय."

वहिनींनी नववा धडा टाइप केला. बटण दाबलं. पडद्यावर इंग्रजीत एक चौकट आली, अमुक तमुक नोंदलेलं नाही म्हणणारी.

"कुठेतरी ओळ राहिली असेल," मी म्हणालो. इतक्या वर्षांची सवय.

त्यांनी पुन्हा टाइप केला. तीच चौकट. मग त्यांनी काय केलं, पिशवीतून मुलीची फूटपट्टी काढली, माझ्या नोट्सच्या पहिल्या ओळीखाली ठेवली, आणि एकेक ओळ खाली सरकवत पडद्याशी ताडून बघितली. असं आठवडाभर. रोज केरीहून बस, रोज तीच फूटपट्टी, रोज तीच चौकट.

"सर, मला तर सगळ्या ओळी दिसतात," त्या म्हणायच्या.

"नीट बघा," मी म्हणायचो, आणि दुसऱ्या टेबलाकडे जायचो.

शेवटी सप्ताहाचा आदला दिवस आला. त्या वर्षी पाळ्यांचा कागद, आबांच्या संमतीने शेवटच्या पाळीसकट, छापून फळ्यावर लावायचं देवळात ठरलं होतं, आणि वहिनींनी अख्ख्या गावाला सांगून ठेवलं होतं की आमच्या सरांच्या क्लासातून येणार. दुपारी त्या खाली भाजी-पाव आणायला गेल्या. वर्गात मी एकटा. मी त्यांच्या खुर्चीत बसलो. डेटाबेसची फाईल उघडणारी ओळ होती ती सरळ पुसून टाकली. तिच्या जागी त्यांच्या यादीतली छप्पन्न नावं, त्या वर्षी थोरल्याची पाळी होती म्हणून शेवटी थोरल्याचं नाव, एकाखाली एक प्रोग्रॅमच्या आतच लिहून टाकली. 'पुढे' दाबलं, नाव आलं. पुन्हा दाबलं, पुढचं आलं. वर्षासाठी एक रकाना होता, त्यात जे टाइप कराल ते कागदाच्या मथळ्यावर उमटायचं. नावांशी त्याचा काही संबंध नव्हता. बाहेरून मात्र अस्सल डेटाबेस वाटत होता. मग त्याची बंद फाईल करून त्यांनी घरून आणलेल्या लॅपटॉपवर घातली, म्हणजे आतलं काही उघडून बघता येऊ नये.

वहिनी जिन्यावरून वर आल्या. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन भाजी-पावांतला एक माझ्यासाठी होता.

पडद्यावर नाव बघून त्यांनी टाळीच वाजवली. "सर! काय होतं हो?"

"एक ओळ राहिली होती," मी म्हणालो, आणि भाजी-पाव खाल्ला.

तो कागद फळ्यावर लागला. सगळ्यांनी वाखाणला. आबांनी चष्मा पुसून पुसून वाचला आणि म्हणाले, "आता माका मरूक हरकत नाय." वहिनींनी ती राहिलेली ओळ गावभर सांगितली, की बघा, आठवडाभर अडलं होतं ते फक्त एका ओळीपायी. आबांना ते फारच आवडलं. कढीत मीठ कमी पडलं की आबा ताट पुढे करून म्हणू लागले, "सुनबाये, हयसर एक ओळ रवली." भजनात कोणी कडवं विसरला की, "अरे, ओळ रवली, ओळ रवली!" हे सगळं वहिनी पेढे घेऊन आल्या तेव्हा वर्गात हसून सांगत होत्या. मीही हसलो. पेढाही घेतला.

पुढच्या वर्षी त्या क्लासला येत नव्हत्या. घरीच त्यांनी प्रोग्रॅम उघडला, रकान्यात नवीन वर्ष टाइप केलं, कागद छापला. मथळ्यावर नवीन वर्ष. खाली तीच छप्पन्न नावं. शेवटी थोरला.

पुढचं मला नंतर वहिनींनीच सांगितलं. आबा देवळात कट्ट्यावर बसले होते. कागद लागायच्या आधीच ते नेहमीप्रमाणे म्हणाले, "औंदा धाकट्याची." तेवढ्यात कागद लागला. लोक कागद वाचू लागले, मग आबांकडे बघू लागले. धाकट्याने तर पखवाजवाला कुडाळहून बोलावून ठेवला होता, वाळपईची सासुरवाडी येणार होती, उसळीचे वाटाणे भिजत पडले होते.

"आबा," कोणीतरी म्हणालं, "कागदार तर थोरलो आसा."

आबांनी उठून कागदावरचं शेवटचं नाव वाचलं. मग म्हणाले, "कागदार आसा तर तसाच. माझाच डोका आता चलना नाय."

त्या वर्षीचा काला थोरल्याने वाटला. धाकट्याने भिजलेले वाटाणे घरोघर वाटून टाकले, पखवाजवाला तेवढा थोरल्याकडे पाठवला, "पैशे दिलेत, वाजवून तरी घे" म्हणून. आणि मग दोघांचं बोलणं बंद. विहीर दोघांत एकच. थोरला पाणी काढून झालं की मुद्दाम दोर काठावर गुंडाळून ठेवायचा, धाकटा येऊन तो मुद्दाम सोडून टाकायचा. एवढाच व्यवहार. पण मला जे लागलं ते विहिरीचं नाही. आबांनी त्या दिवसापासून पाळ्यांबद्दल बोलणं सोडलं. कोणी काही विचारलं तर म्हणायचे, "कॉम्प्युटराक विचारा. माका कित्याक विचारतास?"

हे मला कळलं ते गेल्या वर्षी, सप्ताहाच्या दोन आठवडे आधी. वहिनी लॅपटॉप घेऊन माडी चढून आल्या आणि बसायच्या आधीच हसू लागल्या.

"सर, हा तिसऱ्यांदा थोरल्याचं नाव देतोय. काल मी सहज छापून बघितलं. थोरला स्वतः घरी आला आणि म्हणाला, वयनी, तुझो कॉम्प्युटर माज्यार इतको खूष कित्याक? माका भावान विहिरीत ढकलल्यार तू जबाबदार."

मग त्यांनी आबांचं सांगितलं, तेव्हा त्या हसत नव्हत्या.

मी ताबडतोब कबूल करायला हवं होतं. त्याऐवजी म्हणालो, "बसा. सगळं नव्याने करू." नव्याने, म्हणजे जुनं उघडायला नको.

पण त्या दुपारी आम्ही जे काम केलं ते मात्र खरं केलं, आणि खरं सांगतो, इतकी मजा मला शिकवण्यात कधी आली नव्हती. मी नववा धडा समोर ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा ती इंग्रजी चौकट शेवटपर्यंत वाचली.

"हे काय म्हणतंय?" वहिनींनी विचारलं.

"तुमच्याकडून नदीपलीकडे तेरेखोलला जायला काय लागतं?"

"फेरीबोट."

"प्रोग्रॅम केरीला, डेटाबेस तेरेखोलला. मधे एक फेरीबोट असते, ती नावं अल्याड आणते. माझ्या उदाहरणात त्या बोटीचं नाव लिहिलंय. ती बोट जुन्या मशिनींच्या धक्क्याला लागायची. नव्या मशिनींच्या धक्क्याला ती लागतच नाही. म्हणून हे म्हणतंय, अशा नावाची बोट इथे नोंदलेली नाही."

"मग नवी बोट आणा की!"

नवी बोट होती. ती मशिनीत घालावी लागली आणि ओळीतलं नाव बदलावं लागलं. बटण दाबलं, वेगळी चौकट आली. ती बघून आम्ही दोघं इतके खूष झालो की खालच्या हार्डवेअरवाल्याने वर डोकावून विचारलं, काय जिंकलात काय. चौकट बदलली म्हणजे एक पाऊल पुढे पडलं होतं. आता म्हणत होतं, फाईल सापडत नाही. ते मला लगेच दिसलं. उदाहरणात फाईलचा पत्ता माझ्या वीस वर्षांपूर्वीच्या मशिनीतला होता, जी कधीच भंगारात गेली. पत्ता बदलला. तिसरी चौकट आली. म्हणे, वाक्याच्या मांडणीत चूक आहे. इथे मी अडलो. अर्धा तास, पाऊण तास. चहा मागवला. वहिनी फूटपट्टी धरून पडद्याकडे टक लावून बसल्या होत्या.

"सर, हा एकच शब्द निळा का दिसतो?"

"कुठला?"

"वर्षाचा रकाना. आपण त्याला इंग्रजीत वर्ष असं नाव दिलंय. बाकीच्या रकान्यांची नावं काळी आहेत. आबांच्या वाड्यावर एका नावाची दोन माणसं आहेत, एकाला हाक मारली की दुसरा ओ देतो. तसं तर नाही ना?"

तसंच होतं. तो शब्द प्रोग्रॅमने स्वतःच्या कामासाठी राखून ठेवलेला. त्याला चौकोनी कंसात घातलं, बटण दाबलं, आणि खिडकीत पहिलं नाव आलं. फेरीबोटीतून आलेलं, खरं नाव. मी त्या खुर्चीत मागे रेललो. तो दोष माझ्यानं निघाला नव्हता, त्यांनी काढला होता.

त्यांनी रकान्यात चालू वर्ष घातलं. मग सहज मागचं वर्ष घातलं आणि छप्पन्नाव्या नावापर्यंत 'पुढे' दाबत गेल्या. धाकटा.

"म्हणजे गेल्या वर्षी आबा बरोबर होते," त्या हळूच म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "सर, तेव्हा माझी परत कुठली ओळ राहिली असेल का?"

मी चहाचा कप उचलला. तो रिकामा होता, तरी तोंडाला लावला.

"असेल," मी म्हणालो.

त्यांनी ते घेतलं. रागावल्या नाहीत, सरळ गावात गेल्या आणि देवळात सगळ्यांसमोर सांगितलं की आबा बरोबर होते, चूक माझी, माझी ओळ राहिली होती. आबांचं वय, त्या म्हणतात, दहा वर्षांनी कमी झाल्यासारखं झालं. त्यांनी लगेच कट्ट्यावर बैठक मारली आणि निकाल दिला: धाकट्याचं एक वर्ष बुडालं, म्हणून औंदाची आणि पुढच्या सालची, दोन्ही पाळ्या धाकट्याच्या. थोरला म्हणाला, "चलात. माका आता विहिरीर सुखान जावक गावता." धाकट्याने काला वाटला, पहिला वाटा थोरल्याच्या हातावर ठेवला. दोर आता विहिरीवर कसा ठेवतात ते मी विचारलं नाही. आबा अजून दिसेल त्याला सांगतात, "माझ्या सुनेचो कॉम्प्युटर माझ्याकडे शिकवणीक येता!" लोक हसतात. वहिनीही हसतात.

त्यानंतर मी माझ्या नोट्सचा एकेक धडा नव्या मशिनीवर चालवून बघितला. अर्ध्याहून जास्त अडले. आता त्या पुन्हा लिहितोय, आणि 'चूक तुमची' हे वाक्य काढून टाकलंय.

या जूनपासून मालकांनी पुढचा कोर्स सुरू केला. मी वहिनींना फोन केला. कॉलेजची मुलं सोडा, निळा शब्द त्यांना दिसला होता, मला नाही. असा माणूस हवा होता मला वर्गात.

"नको सर," त्या म्हणाल्या. "मला हौस आहे, पण माझ्या हातून ओळी राहतात. एकदा गावात भांडण लावलं, पुरे झालं." आणि नेहमीसारख्या हसल्या.

मी फोन ठेवला. खाली कोणी खिळे वजन करून घेत होतं.

श्रावणाला आता फार दिवस नाहीत. शेवटची पाळी धाकट्याची आहे, हे आबांच्या डोक्यातही आहे आणि डेटाबेसमध्येही. धाकट्याचं वर्ष भरून निघालं. आबांची आठवणही त्यांना परत मिळाली. एकच गोष्ट कोणी कोणाला परत केलेली नाही. पहिल्या वर्षी छप्पन्न नावं मी आत लिहिली होती, वहिनींची एकही ओळ कधीच राहिली नव्हती. हे त्या देवळाच्या कट्ट्यावर, आबांच्या आणि दोघा भावांच्या समोर, वहिनींच्या तोंडावर सांगण्याचं देणं मी लागतो. अजून सांगितलेलं नाही.